दोन पायांच्या रोबोची पारख

गोंदियाच्या राईस मिलमध्ये धान शिरले की पुढचा बहुतेक प्रवास यंत्रांच्या हाती असतो. क्लीनर काडीकचरा काढतो, डी-स्टोनर खडे वेगळे करतो, रबर रोलचा शेलर टरफल सोलतो, सेपरेटर न सोललेले धान मागे पाठवतो, पॉलिशर कोंडा उतरवतो. शेवटी सॉर्टेक्स यंत्राचे कॅमेरे काळा-पिवळा दाणा हेरतात आणि हवेच्या झोताने बाजूला उडवतात. तांदूळ पोत्यात पडेपर्यंत माणसाने त्याला हात लावायची फारशी गरज नसते. पोते शिवून झाले की मात्र माणसाची पाठ लागते.

पन्नास किलोचा कट्टा पाठीवर घ्यायचा, थप्पीवर चढायचे, तो नीट बसवायचा, उतरायचे आणि पुढचा कट्टा घ्यायचा. हंगामात भरडाईला वेग आला की हेच काम दिवसभर चालते. अमेरिकेतील नायोश या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या सूत्रात, सगळी परिस्थिती अनुकूल असली तरी हाताने उचलायच्या वजनाची शिफारस २३ किलोंवर थांबते. आपला कट्टा त्याच्या दुपटीहून जड आहे. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्या कायद्याने रोजगाराला आणि मजुरीला आधार दिला, पण पाठीवरचे वजन तेवढेच राहिले.

म्हणून ‘माणसासारखा रोबो हे ओझे घेईल का?’ हा प्रश्न गोंदियासाठी हौसेचा नाही. माणसाच्या आकाराचे, दोन हात आणि दोन पाय असलेले ह्युमनॉइड रोबो आता प्रयोगशाळेबाहेर पडले आहेत. काही कारखान्यांत कामाला लागले आहेत, काही महाविद्यालयांच्या आवाक्यात आले आहेत. त्यांची पारख कशी करायची, हे उद्योजकालाही कळायला हवे आणि प्राध्यापकालाही. जाहिरातीची चित्रफीत पाहून ती होत नाही. त्यासाठी मोजमाप लागते, आणि कारखान्यासाठीचे मोजमाप वेगळे, संशोधनासाठीचे वेगळे.

आधी काम मांडा, मग रोबो बघा

रोबो काय काय करू शकतो, या प्रश्नाने सुरुवात केली की पारख फसते. आधी काम कागदावर उतरवावे. किती वजन? किती उंचीवर? तासाला किती वेळा? जमीन सपाट की खडबडीत? वस्तू दर वेळी त्याच आकाराची की बदलती? चूक झाली तर नुकसान किती, आणि आसपास माणसे असतात का?

हे मांडल्यावर पुष्कळदा उत्तर निघते की या कामाला पाय लागतच नाहीत. पोती एकाच जागी येत असतील आणि एकाच जागी रचायची असतील, तर जमिनीला घट्ट बसवलेला चार सांध्यांचा रोबो-हात तासाला शेकडो पोती रचतो. सिमेंट आणि खतांच्या कारखान्यांत असे हात वर्षानुवर्षे चालत आहेत. पायांची गरज पडते ती जागा बदलत राहते तिथे: गोदामाच्या कोपऱ्यातली अर्धवट थप्पी, ट्रकच्या आतली चढ-उतार, अरुंद जिना.

जिल्ह्यातच तिरोड्याला औष्णिक वीज प्रकल्प आहे. प्रत्येकी ६६० मेगावॉटचे पाच संच, एकूण ३,३०० मेगावॉट. असा प्रकल्प माणसाच्या मापाने बांधलेला असतो. जिने, कठडे, हाताने फिरवायच्या झडपा, डोळ्यांनी वाचायचे काटे, सगळे त्याच उंचीवर. माणसाच्या आकाराचा रोबो हवा या म्हणण्यामागचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे. जागा बदलायची नसेल, तर यंत्राने माणसाच्या जागेत मावले पाहिजे.

२०११ साली जपानमध्ये फुकुशिमा अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि किरणोत्सर्गामुळे माणसांना आत थांबणे धोक्याचे झाले, तेव्हा हे जगाला नीट कळले. त्यातून अमेरिकेच्या डार्पा संस्थेने रोबोंची मोठी स्पर्धा घेतली. २०१५ च्या अंतिम फेरीत रोबोला गाडी चालवून यायचे होते, उतरायचे होते, दार उघडायचे, झडप फिरवायची, भिंत कापायची, ढिगाऱ्यातून जायचे आणि जिना चढायचा होता. बरेच रोबो पडले. जिंकला तो दक्षिण कोरियातील काइस्ट संस्थेचा डीआरसी-ह्युबो. आठही कामे त्याने पाऊण तासाच्या आत केली. त्याच्या गुडघ्यांजवळ चाके होती. सपाट जमिनीवर तो गुडघे टेकून चाकांवर घरंगळत जाई आणि गरज असेल तिथेच उभा राही. परीक्षकाने त्याच्याकडून शिकायचे ते हे की काम पुरे झाले का ते बघावे, चाल माणसासारखी आहे का याला गुण देऊ नयेत.

महाराष्ट्रातही याच दिशेने काम चालू आहे. पुण्याजवळ दिघीला डीआरडीओची अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. बॉम्ब हाताळणारा ‘दक्ष’ हा दूरनियंत्रित रोबो तिथलाच, आणि तो चाकांवर चालतो. हीच संस्था सैन्याच्या जोखमीच्या कामांसाठी ह्युमनॉइड घडवते आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार त्याच्या वरच्या धडाला हालचालीच्या २४ स्वतंत्र दिशा आहेत: प्रत्येक हाताला सात, प्रत्येक पकडीला चार आणि डोक्याला दोन. २०२७ पर्यंत प्रकल्प पुरा करण्याचे उद्दिष्ट आहे. दार ढकलणे-ओढणे, झडप फिरवणे, सुरुंग आणि स्फोटके हाताळणे ही कामे आधी ठरली आणि त्यांतून सांध्यांची रचना ठरली. हा क्रम बरोबर आहे.

वजन छातीशी आणि वजन हातभर पुढे

कोणत्याही ह्युमनॉइडच्या माहितीपत्रकात उचलण्याची क्षमता किलोमध्ये दिलेली असते. त्या आकड्याला लगेच दुसरा प्रश्न जोडावा: हात किती लांब असताना? दहा किलोचे वजन खांद्यापासून ६० सेंटिमीटर पुढे धरले, तर खांद्याच्या मोटरला सुमारे ५९ न्यूटन-मीटर पीळ सोसावा लागतो. तेच वजन २० सेंटिमीटरवर आणले की पीळ एक तृतीयांश होतो. हमाल कट्टा हातांत न धरता पाठीवर घेतो, त्यामागे हेच भौतिकशास्त्र आहे. वजन शरीराच्या मध्यरेषेजवळ राहते आणि भार पायांवर उतरतो.

आता प्रत्यक्ष रोबो पाहू. अमेरिकेतील अजिलिटी कंपनीचा ‘डिजिट’ जॉर्जिया राज्यातील एका गोदामात २०२४ पासून व्यावसायिक काम करतो. प्लॅस्टिकचे चौकोनी टोपले उचलून पट्ट्यावर ठेवणे हे त्याचे काम, आणि त्याची क्षमता सुमारे १६ किलो. चीनच्या युनिट्री कंपनीचा ‘जी-१’ साधारण १.३ मीटर उंच आणि ३५ किलो वजनाचा. त्याचा हात दोन-तीन किलो पेलतो. बोस्टन डायनॅमिक्सने जानेवारी २०२६ मध्ये दाखवलेल्या नव्या ‘ॲटलस’साठी ५० किलो उचलण्याचा दावा आहे. कागदावर या तिघांत हा एकच गोंदियाच्या कट्ट्याशी बरोबरी करतो.

वजनाइतकाच पोत्याचा आकारही अवघड आहे. टोपल्याला कडा असतात, धरायला खाचा असतात. तागाच्या पोत्याला ठरलेला आकार नाही. उचलले की आतला तांदूळ एका बाजूला सरकतो आणि वजनाचा मध्यबिंदू हलतो. दोन पायांवर उभ्या यंत्राला हेच जड जाते, कारण त्याचा तोल त्या मध्यबिंदूवर ठरतो. म्हणून चाचणीत ठोकळे किंवा लोखंडी वजने चालणार नाहीत. आपलीच पोती द्यावीत: भरलेली, अर्धी भरलेली, ओलसर आणि ढिली शिवलेली.

वीज तोडली की काय होते?

कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राला लाल बटण असते. ते दाबले की वीज तुटते आणि यंत्र थांबते. जमिनीला बसवलेला रोबो-हात असा थांबला तर ब्रेक लागतात आणि तो जागच्या जागी राहतो. दोन पायांचा रोबो उभा असतो तो मोटरी क्षणाक्षणाला तोल सावरत असतात म्हणून. त्याची वीज तोडली की तो कोसळतो, आणि हातात कट्टा असेल तर कट्ट्यासकट कोसळतो. ज्या बटणाने माणूस वाचायचा, त्याच बटणाने त्याच्या अंगावर यंत्र पडू शकते.

म्हणूनच औद्योगिक रोबोंची जुनी सुरक्षा-मानके इथे पुरत नाहीत. आयएसओ १०२१८ हे मूळ मानक २०२५ मध्ये सुधारले गेले. सतत तोल सावरत उभ्या राहणाऱ्या रोबोंसाठी मात्र आयएसओ २५७८५-१ हे वेगळे मानक घडवले जात आहे. खरेदीदाराने थेट विचारावे: थांबण्याचा हुकूम मिळाला की हा रोबो आधी खाली बसतो का, किती सेकंदांत? बॅटरी अचानक संपली तर काय होते? तो पडू शकतो अशा वर्तुळात माणूस शिरला, तर त्याला ते कळते का? या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळत नाहीत तोवर रोबोच्या कामाच्या जागेला कुंपण असलेच पाहिजे.

एक चित्रफीत आणि एक पाळी

दोन मिनिटांचे प्रात्यक्षिक आणि आठ तासांची पाळी यांत मोठे अंतर आहे. पहिला प्रश्न ऊर्जेचा. चालण्याची कार्यक्षमता मोजायचे एक माप आहे: एकक वजन एकक अंतर नेण्यासाठी किती ऊर्जा लागते. २००५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या तुलनेत माणसाचा हा आकडा सुमारे ०.२ होता आणि होंडाच्या प्रसिद्ध ‘असिमो’चा अंदाजे ३.२. म्हणजे सोळापट खर्च. नंतरच्या रोबोंनी बरीच सुधारणा केली, तरी ‘जी-१’ची बॅटरी सुमारे दोन तासच पुरते. २०२५ च्या एप्रिलमध्ये बीजिंगला रोबोंची अर्धमॅरेथॉन झाली. जिंकलेल्या ‘तिएनकुंग अल्ट्रा’ने २ तास ४० मिनिटे घेतली आणि वाटेत तीनदा बॅटरी बदलली. बॅटरी किती वेळ चालते याबरोबरच ती बदलायला किती वेळ लागतो, बदलते कोण, आणि वीज गेली तर काय, हेही नोंदवावे.

दुसरा प्रश्न: रोबो स्वतः काम करतोय की मागे बसलेला माणूस त्याला चालवतोय? २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये टेस्लाच्या कार्यक्रमात ‘ऑप्टिमस’ रोबो पाहुण्यांशी बोलले, पेये वाढली. त्यांना दुरून माणसांची मदत होती, हे नंतर स्पष्ट झाले. दूरनियंत्रणात वाईट काही नाही. सुरुंग काढताना तेच हवे असते. पण मिलमालकाला माणसाऐवजी रोबो आणि रोबोमागे पुन्हा माणूस असा सौदा मिळत असेल, तर तो आधी कळला पाहिजे. म्हणून न कापलेली, मूळ वेगातली चित्रफीत मागावी आणि दर तासाला माणसाने किती वेळा हस्तक्षेप केला तो आकडा घ्यावा.

तिसरा प्रश्न न चुकण्याचा, आणि इथे संख्याशास्त्रातला एक सोपा नियम फार कामाचा आहे. एकही चूक न होता ‘न’ वेळा काम झाले, तर ९५ टक्के विश्वासाने इतकेच म्हणता येते की चुकीचे खरे प्रमाण ३ भागिले ‘न’ याहून जास्त नसावे. समजा, रोबोने सलग ३०० कट्टे बिनचूक रचले. तरी शंभरात एक कट्टा पडण्याची शक्यता आपण नाकारू शकत नाही. दिवसाला हजार कट्टे हलणाऱ्या मिलमध्ये याचा अर्थ रोज दहा कट्टे. हजारात एक ही पातळी सिद्ध करायची तर सलग तीन हजार वेळा बिनचूक काम व्हायला हवे. दहा-वीस वेळा जमले म्हणून टाळ्या वाजवणे ही पारख नव्हे.

दीर्घ वापरातूनच खरी माहिती बाहेर येते. फिगर कंपनीचा रोबो अमेरिकेत स्पार्टनबर्गच्या बीएमडब्ल्यू कारखान्यात सुमारे ११ महिने वेल्डिंगच्या साच्यांत पत्रे ठेवत होता. कंपनीच्याच सांगण्यानुसार त्याने १,२५० तासांत ९० हजारांहून अधिक भाग ठेवले, आणि सर्वाधिक बिघाड निघाले ते कोपर ते मनगट या भागात. अरुंद जागेत दाटलेल्या मोटरी, तारा आणि उष्णता यांचा तो परिणाम. पुढच्या आवृत्तीत तो भाग नव्याने घडवला गेला. पहिल्या आठवड्याच्या प्रात्यक्षिकात हे दिसले नसते.

गोंदियाची धूळ, गोंदियाचे ऊन

धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा टरफल असते, आणि त्या टरफलात सिलिका भरपूर असते. जाळल्यावर उरणाऱ्या राखेत तर बहुतांश सिलिकाच. म्हणजे मिलच्या हवेत तरंगणारी धूळ घासणारी आहे. ती सांध्यांच्या फटींत शिरते, कॅमेऱ्याच्या काचेवर बसते, थंड करणाऱ्या पंख्यांत अडकते. यासाठी ‘आयपी’ मानांकन पाहावे. त्यातला पहिला अंक धुळीचा, आणि मिलमध्ये तो ६ असावा, म्हणजे धूळ आत शिरणारच नाही. ते मानांकन पूर्ण रोबोचे आहे की फक्त धडाचे, हेही विचारावे. पंजे आणि मनगटे पुष्कळदा त्यातून वगळलेली असतात.

ऊन हा दुसरा कस. नव्या ‘ॲटलस’साठी पूर्ण क्षमतेच्या तापमानाची वरची मर्यादा ४० अंश सेल्सिअस सांगितली आहे. मे महिन्यात गोंदियाचा पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि पत्र्याच्या छपराखाली, उसना (उकडा) तांदूळ करताना निघणाऱ्या वाफेशेजारी हवा त्याहून तापते. मोटर तापली की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी करते. थंड हवेच्या प्रदेशात घेतलेली चाचणी इथे लागू पडत नाही. उन्हाळ्यात, दुपारी, चालू मिलमध्येच ती घेतली पाहिजे.

पैशांचा हिशेब

किंमत ऐकून निर्णय घेऊ नये, तासाचा खर्च काढावा. समजा, रोबो ५० लाखांचा, आयुष्य पाच वर्षे, वर्षाला ३०० दिवस आणि दिवसाला १० तास काम. एकूण १५,००० तास, म्हणजे फक्त किमतीचाच तासाला ३३३ रुपये भार. आता बॅटरी, दुरुस्ती आणि सुट्या भागांची वाट पाहणे यांत ४० टक्के वेळ गेला असे धरा. उरले ९,००० तास, आणि भार ५५५ रुपयांवर गेला. तासाला ६० कट्टे हलले तर कट्ट्यामागे नऊ रुपयांहून अधिक, तेही वीज, देखभाल आणि व्याज सोडून. प्रत्येक मिलमालकाने आपले आकडे या रीतीने घालून आपल्या हमालीच्या दराशी ताडून पाहावेत. सर्वांत जास्त फरक किमतीपेक्षा ‘किती तास चालू राहिला’ यानेच पडतो, आणि तो आकडा दुरुस्ती करणारा माणूस नागपुरात आहे की परदेशात, यावर ठरतो.

प्रयोगशाळेची फूटपट्टी वेगळी

कारखान्याला रोबो बंद डब्यासारखा चालतो. आत काय आहे हे न कळताही तो वर्षभर तेच काम करत राहिला की पुरे. संशोधनाला नेमके उलटे हवे. विद्यार्थ्याला प्रत्येक सांध्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे, मोटरला किती पीळ द्यायचा हे स्वतःच्या प्रोग्रॅमने ठरवता आले पाहिजे, आणि संवेदकांची कच्ची माहिती मिळाली पाहिजे. ‘जी-१’ २०२४ मध्ये सुमारे १६ हजार डॉलरला बाजारात आला तेव्हा ती किंमत पाहून अनेक महाविद्यालयांच्या आशा जाग्या झाल्या. पण स्वतःचे प्रोग्रॅम खोलवर चालवण्याची मुभा असलेली शैक्षणिक आवृत्ती वेगळी आहे आणि महागही आहे. खरेदीच्या फाइलवर सही करण्यापूर्वी हा फरक बघायलाच हवा.

आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. रोबोचे अचूक संगणकीय प्रतिरूप मिळते का? कारण आज चालणे शिकवले जाते ते आधी संगणकातल्या आभासी जगात, लाखो वेळा पाडून आणि उठवून. पडल्यावर दुरुस्ती आपल्या वर्कशॉपमध्ये होते का? शिकताना रोबो पडणारच, म्हणून छताला बांधलेला पट्टा आणि सुट्या भागांचा साठा हे अंदाजपत्रकातच धरावे. आणि तिसरी, माहितीची सुरक्षा. २०२५ मध्ये संशोधकांनी युनिट्रीच्या रोबोंमध्ये ब्लूटूथमार्गे ताबा घेता येईल अशी त्रुटी उघड केली. कॅमेरे आणि ध्वनिग्राहक असलेले, चालते-फिरते यंत्र महाविद्यालयाच्या मुख्य जाळ्याला न जोडता वेगळ्या जाळ्यावर ठेवले पाहिजे.

गोंदियाने काय करावे

माझे मत स्पष्ट आहे. ५० किलोचे कट्टे वाहायला आज ह्युमनॉइड विकत घेऊ नये. त्या पैशांत पोती वर नेणारा पट्टा आणि रचणारा स्थिर हात बसवला, तर हमालाच्या पाठीला आताच आराम मिळेल. त्याहून सोपा उपाय कट्टा लहान करण्याचा. २५ किलोच्या पिशव्या किरकोळ बाजारात आहेतच. घाऊक व्यवहारातही वजन त्या पातळीवर आणले, तर माणूस सुरक्षित मर्यादेच्या जवळ येतो आणि उद्याच्या रोबोलाही काम झेपते.

शिक्षणसंस्थांनी मात्र थांबू नये. गोंदियात मनोहरभाई पटेल यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे. त्यांच्यासाठी लहान, खुला, दुरुस्त करता येणारा रोबो हे उत्तम साधन ठरेल. मिलमधली धूळ, ढिले पोते, चाळिशीपार तापमान हे प्रश्न परदेशातल्या चकचकीत प्रयोगशाळांना रोज भेटत नाहीत. ते आपल्या दाराशी आहेत. एका मिलचा एक कोपरा चाचणीसाठी घ्यावा. विद्यार्थ्यांनी तिथे कट्ट्यांची मोजणी, चुका, हस्तक्षेप, तापमान आणि बंद पडलेला वेळ यांची नोंदवही ठेवावी आणि ती सर्वांना खुली करावी. पुढे कोणतीही कंपनी रोबो विकायला आली, तर जिल्ह्याकडे स्वतःची कसोटी तयार असेल.

त्या चाचणीच्या समितीत अभियंता आणि मालक यांच्याबरोबर हमालही बसला पाहिजे. पोते कुठे घसरते, थप्पी कधी ढासळते, ट्रकमध्ये कुठे पाऊल टाकायचे, याचे सर्वांत खोल ज्ञान त्याच्याकडे आहे. रोबो आला तर त्याच्या रोजगाराचे काय, हेही त्याच टेबलावर ठरायला हवे. त्याच्या पाठीवरचा भार उतरवण्यासाठी हे सगळे करायचे असेल, तर त्याच्या सहीशिवाय चाचणीचा अहवाल पूर्ण मानू नये.